वरच्या गावचे निर्माल्य

सिंगापूरमधील सेंगकांगच्या स्थानकातून बाहेर पडून नदीकडे जाणारी वाट मला डोळे मिटूनही सापडेल, कारण ती वासांची वाट आहे. आधी बेकरीतील गोडसर लोण्याचा वास येतो. मग हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या, मागच्या दाराशी धुतल्या जाणाऱ्या पातेल्यांचा. त्यात मासळी, लसूण आणि जळके तेल एकत्र आलेले असते. त्यानंतर यंत्राने नुकत्याच कापलेल्या गवताचा. आणि शेवटी, पूल दिसण्याच्याही आधी, त्या पाण्याचा. शेवाळ, तापलेले काँक्रीट आणि कोठेतरी खोलवर संथपणे कुजत असलेले काहीतरी. मी उपरण्याचे टोक नाकाशी धरले आणि चालत राहिलो.

आज अविधवा नवमी. पितृपक्षातील ही तिथी पतीच्या आधी गेलेल्या स्त्रियांची असते. माझी पत्नी सुमती गेली तेव्हा आम्ही याच नदीकाठच्या एका उंच इमारतीत राहत होतो. पुढे चिरंजीव माधव याने वन-नॉर्थमधील आपल्या कार्यालयाजवळ घर घेतले आणि आम्ही तिकडे गेलो. सकाळी तेथे श्राद्ध यथासांग झाले. सूनबाई गौरीने सोवळ्यात स्वयंपाक केला, सवाष्ण जेवली, तिची ओटी भरली. तरीही दुपार कलल्यावर तांब्या, काळे तीळ आणि दर्भ पिशवीत घालून मी एकटा एमआरटीच्या गाडीत बसलो. दर वर्षी बसतो. का, हे माधवने विचारणे सोडून दिले आहे. “बाबा, फोन चार्ज आहे ना?” एवढेच तो विचारतो.

नदी म्हणायची ती अशी. द्रुतगती मार्गाच्या खाली एक चौकोनी विवर आहे, त्यातून ती बाहेर पडते. त्याआधी ती कोठून येते हे कोणी सांगत नाही, आणि त्या विवरात एकदा डोकावल्यावर विचारण्याची इच्छा उरत नाही. छपरांवरचे, रस्त्यांवरचे, वाहनतळांवरचे पावसाचे पाणी हाच तिचा उगम. मग पट्टीने रेघ ओढावी तशी ती काँक्रीटच्या तळावरून सरळ चालते. इमारतींच्या रांगांपाशी तिला थोडे रुंद होण्याची मुभा दिलेली आहे. तेथे दगडी पायऱ्या, लावलेली लव्हाळी, लोखंडी कठडा आणि ‘पाण्यात उतरू नये’ असे चार भाषांत सांगणारी पाटी आहे. डोक्यावरून चालकाविना धावणारी एलआरटीची छोटी गाडी जाते. पुढे बांध, बांधाला दरवाजे, आणि दरवाजांपलीकडे खारे पाणी. समुद्राला मिळण्यासाठीही या नदीला कोणाची तरी परवानगी लागते.

आणि तिच्यात राहणारे जीव! पायऱ्यांच्या उभ्या दगडांवर गोगलगायींनी घातलेली गुलाबी अंडी; मिठाईच्या दुकानात शोभेल असा तो रंग आणि हात लागला तर चिकट फुटणारा तो पुंजका. फुगीर ओठांचे तिलापिया मासे, जे पाव टाकला तरी खातात आणि थुंकले तरी वर येतात. पुण्य मिळावे म्हणून कोणीतरी सोडून दिलेली, कानामागे लाल पट्टा असलेली परदेशी कासवे, एकमेकांच्या पाठीवर चढून ऊन खाणारी. राखी बगळा, जो गिळतो तेव्हा जिवंत मासा त्याच्या मानेतून खाली सरकताना दिसतो. आणि या सर्वांचा राजा असल्याप्रमाणे पाण्यातून वर येणारी पुरुषभर लांबीची घोरपड. अंगावर पिवळसर ठिपके, गळ्याशी लोंबणारी कातडी, आणि दुभंगलेली निळसर जीभ सतत आतबाहेर.

मी आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकविले. नवरसांच्या पाठात बीभत्स रस आला की त्याचा स्थायीभाव जुगुप्सा, एवढे सांगून मी पुढच्या रसाकडे वळत असे. कोणी मुलाने एकदा विचारले होते, “सर, किळस येणे यात रस कसला?” मी त्याला गप्प बसविले. येथे आल्यावर त्या मुलाची वारंवार आठवण झाली. मला या नदीची किळस येत असे, आणि तरीही रोज सायंकाळी कठड्यापाशी उभे राहून मी ती पाहत असे. याला रस म्हणावे की नाही, ते त्या मुलाने ठरवावे.

उभा राहत असे तो सुमतीमुळे. तिला ही नदी आवडे. ती खालच्या पायरीवर, पाण्याला पाय लागेल न लागेल अशी बसे आणि मी वर कठड्यापाशी.

“अहो, पंत आले बघा,” ती खालून म्हणे. त्या घोरपडीला तिने पंत हे नाव ठेवले होते.

“पंत कशाला? घोरपड स्त्रीलिंगी असते.”

“चालतात कसे बघा ना. जेवून उठलेल्या माणसासारखे. आणि जिभेचं पाहिलंत का? शब्दरूपं पाठ करतायत. तुमच्याच शाळेतले असणार.”

“अगं, दूर बस. तो अमंगळ प्राणी आहे.”

“त्याला विचारून बघा, तो तुम्हाला काय म्हणतो ते.”

आमची नात ईरा त्या वेळी लहान होती. आजीबरोबर तीही खाली जाई. मी एकदा म्हणालो की गटाराशी खेळून आलेल्या मुलीने आधी आंघोळ करावी, तर ती कमरेवर हात ठेवून येथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली, “आजोबा, नॉट गटार लाह. इट्स रिव्हर. बोर्डवर लिहिलंय.” सुमती हसता हसता ठसकली.

नदी मी जाणत होतो. आमच्या कोकणातील गावाची नदी कोणत्याही मोठ्या नकाशात सापडत नाही आणि गावात तिला नुसतेच नदी म्हणत. सड्याच्या कातळपठाराखालच्या देवराईत, मोठ्या आंब्याच्या मुळांशी ती उगवे. तेथे चपला घालून कोणी जात नसे. पहिले पाणी देवाच्या अभिषेकाला, मग पिण्याला, मग आंघोळीला, मग गुरांना; एकाच प्रवाहाचे असे टप्पे ठरलेले होते आणि पाऊल चुकले तर लहान मुलालाही ओरडा बसे. देवराईतून बाहेर पडली की ती कातळावरून घरंगळत कोंडात उतरे. कोंड म्हणजे खोल हिरवा डोह. त्याच्या तळाशी देवाचे मासे आहेत असे मानीत. त्यांना कोणी गळ टाकीत नसे. प्रसादाचा भात टाकला की काळी पाठ हळूच वर येई आणि भात घेऊन परत जाई. त्या पाठीला आम्ही नमस्कार करीत असू.

पहाटे वडिलांच्या मागोमाग मी कोंडावर जात असे. पाण्यावर धुके, करंजाच्या फुलांचा खच, ओल्या पंचाचा वास. वडील पाण्यात उभे राहून सात नद्यांना आवाहन करीत, आणि मला खरोखर वाटे की सातही जणी दूरदूरच्या प्रदेशांतून निघून आमच्या त्या लहानशा डोहात येऊन बसल्या आहेत. वाळुंजाच्या फांदीवर खंड्या स्तब्ध बसलेला असे. साकवाच्या लहान पुलाखाली ऊद राहत. ऊद म्हणजे शहरातील लोक ज्याला पाणमांजर म्हणतात तो प्राणी. सायंकाळी त्यांची शीळ ऐकू येई. पूजा झाल्यावर आदल्या दिवसाची फुले, बेल, तुळस, गंधाचे पाणी हे सारे निर्माल्य मी ओंजळीने साकवावरून प्रवाहात सोडत असे. झेंडूची फुले गिरक्या घेत वळणाआड जात. ती कोठे जातात हा प्रश्न मला कधी पडला नाही. ती देवाची होती. देवाकडे जात असतील.

कोठे जात, ते मला विवाहानंतर समजले. सुमतीचे माहेर त्याच नदीच्या मुखाशी, खाडीवर होते.

“आमच्याकडे यायची ती,” पहिल्याच वर्षी तिने मला सांगितले. “तुमच्या गावचं झालं, मधल्या चार गावांचं झालं, सगळं भरतीला आमच्या खाजणातल्या चिखलात अडकायचं. कुजायचं. श्रावणात तर नाक धरून जावं लागे. माझी आई म्हणायची, वरच्या गावच्या लोकांनी फार पूजा केलेली दिसते या वेळी.”

“निर्माल्याला वास येतो असे म्हणू नये.”

“तुम्ही म्हणू नका. तुम्हाला आला नाही ना. तुमचं सोवळं आम्ही हुंगलंय.”

हे वाक्य ती संसारभर मला ऐकवीत राहिली. मी भांड्याला शिवाशीव झाल्यावरून कुरकुरलो, बाहेरच्या कपड्यांनी कोणी देवघरात आले म्हणून चिडलो, की ती हळूच म्हणे, “वरच्या गावचे ते.” पाहुण्यांना काही कळत नसे. मला कळे.

सिंगापूरला आल्यावर एका रात्री जेवताना माधव मोठ्या कौतुकाने सांगू लागला की या देशात वापरलेले पाणीसुद्धा वाया जात नाही, ते यंत्रांतून इतके शुद्ध करतात की काही भाग पुन्हा तलावांत सोडतात. माझा घास हातातच राहिला. त्याच सकाळी त्या नळाच्या पाण्याची बादली भरून मी तिच्यात गंगा, यमुना, गोदावरी यांना बोलावले होते.

“म्हणजे मोरीचे?” मी विचारले.

“बाबा, शुद्ध केलेलं. लॅबमध्ये तपासतात.”

“मोरीचेच ना पण?”

सुमती शांतपणे ताक ओतत होती. “मग काय झालं? खाडीचं पाणी वाफ होऊन वर जातं, पुन्हा तुमच्या देवराईत पडतं. आमचं उष्टं तुम्ही लहानपणापासून पीत आलात. घ्या, ताक घ्या.”

दुसऱ्या दिवसापासून आंघोळीच्या बादलीत मी चमचाभर गंगाजल घालू लागलो. गावाहून आणलेल्या गंगाजलाच्या गडूची मोहोर तोडताना जीव कचरत असे, इतके ते मोलाचे वाटे. ही नदी मात्र मी शिवलो नाही. सुमती खालच्या पायरीवरून हात पाण्यात घालून म्हणे, “या हो एकदा. कोमट आहे, छान लागतं.” मी म्हणे, “दुसऱ्याने आंघोळ करून ठेवलेले पाणीही कोमटच असते.” ती ओल्या हातानेच केसांवरून हात फिरवी. मला शहारा येई. ती वर आली की तिने हात साबणाने धुतल्याखेरीज मी तिच्या हातचा चहा घेत नसे, आणि ती मुद्दाम हळूहळू धूत असे.

मग एका हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या हिवाळ्यात, आम्ही दोघे गावी गेलो. साकव जाऊन तेथे रुंद पूल झाला होता. पुलाच्या टोकाशी कोंबड्यांचे दुकान होते. कोंडाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर पिसे चिकटलेली होती, पांढरी आणि रक्ताने काळपट झालेली. कोंडातील पाण्यावर साय धरल्यासारखा मळकट तवंग होता आणि त्यावर आतडी तरंगत होती. करंजाच्या उघड्या पडलेल्या मुळांना प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या होत्या. त्यांतील बऱ्याच पिशव्यांत निर्माल्य होते, नीट गाठ मारून, श्रद्धेने टाकलेले. झेंडूचे आत कुजून काळे पाणी झाले होते. देवाच्या माशांचे मी कोणाला विचारलेच नाही. एक कुत्रे पाण्यात पाय बुडवून काहीतरी ओढत होते. मला ओकारी आली. संध्येचे पळी-पंचपात्र तसेच पिशवीत राहिले.

सुमतीने माझ्या पाठीवरून हात फिरविला. मग म्हणाली, “मला इथे आणायचं नाही हं. मागे काय करायचं ते तिकडेच करा. आमच्या नदीवर.”

“आमची नदी हीच.”

“ही होती.”

परत आल्यानंतरच्या वर्षी या सेंगकांगच्या पाण्यात ऊद आले. कोठून आले देव जाणे. बांधाच्या दरवाजांवरून चढून समुद्रातून आले असतील. सुमतीने पहाटे मला हलवून उठविले. कठड्यापाशी पाच-पंचवीस माणसे कॅमेरे घेऊन उभी होती, आणि खाली त्या काँक्रीटवर ओले, तुकतुकीत ऊद एकमेकांवर लोळत, माशाचे डोके कराकरा चावत होते. लहानपणी ऐकलेली तीच शीळ. सुमतीच्या डोळ्यांना पाणी आले होते. मला मात्र मत्सरासारखे काहीतरी वाटले आणि तोंड कडू झाले. देवराईतून उगवलेली नदी आतडी वाहते आणि वाहनतळाखालून निघालेल्या गटारात ऊद नांदतात, हा न्याय मला गिळवला नाही. अजूनही गिळवत नाही.

“आता तरी उतरा,” ती म्हणाली. “तुमच्या साकवाखालचे आलेत.”

“ते विष्ठा करीत आहेत, पाहिलेस ना?”

“पाहिलं. देवराईत करत नव्हते वाटतं?”

ती गेली ती फार दिवस न झिजता. तिच्या आजारपणाविषयी येथे लिहीत नाही. अस्थी नियमाप्रमाणे नावेतून समुद्रात सोडल्या. दहाव्या दिवसाचे पिंडदान तिच्या इच्छेप्रमाणे या नदीवर करायचे ठरले, आणि घरात पेच पडला.

“बाबा, तिथे प्राण्यांना खायला घालायला बंदी आहे. फाइन होतो,” माधव म्हणाला.

“आपण प्राण्यांना घालीत नाही. तुझ्या आईला घालीत आहोत.”

“ते ऑफिसरला कोण समजावणार?”

शेवटी सारे केळीच्या पानावर मांडावयाचे, आणि कार्य झाल्यावर शीतसुद्धा मागे न ठेवता उचलून आणावयाचे, असे ठरले. पौरोहित्यास केदार आला. केदार मूळचा पुण्याचा, वेदपाठशाळेत शिकलेला, येथे वन-नॉर्थमध्ये संगणकाचे काम करतो आणि रजा काढून अशी कार्ये करतो. त्याचे उच्चार स्वच्छ आहेत. धोतराच्या कमरेला कार्यालयाचे ओळखपत्र अडकलेले होते, ते मी त्यास काढावयास लावले.

दर्भ, तीळ, पान लिटिल इंडियातल्या दुकानांतून आणले होते. गावाहून आणलेल्या गंगाजलाचा अखेरचा गडू फोडून मी तांब्या भरला. या पाण्याचा एकही थेंब तिच्या पिंडाला लागू नये, अशी व्यवस्था माझ्यापुरती मी करून ठेवली होती. माधव ओल्या पंचाने खालून दुसऱ्या पायरीवर बसला. केदारने मंत्र म्हटले. भाताचे पिंड पानावर मांडले गेले. शेजारी तिला आवडणारे दही-पोहे. मग आम्ही मागे सरलो आणि कावळ्याची वाट पाहू लागलो.

या शहरात कावळे थोडे आहेत. त्यांच्यावर बंदुका चालवीत, असे आम्ही ऐकले होते. तरी एक आला. दिव्याच्या खांबावर बसला, मान वाकडी करून पानाकडे पाहिले, आणि बसून राहिला.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या जिवाचे काही मागे अडकले आहे, असे आपण मानतो आणि मग वचने देतो. माधवने हात जोडले. “आई, बाबांना एकटं पडू देणार नाही.” कावळा हलला नाही. “आई, ईराला मराठी वाचायला शिकवीन. प्रॉमिस.” कावळ्याने पंख झाडले आणि चोच खांबाला पुसली. “आई, तुझ्या तुळशीला रोज पाणी घालू. गौरी घालेल. मीपण घालीन.” चाळीस उलटलेला माझा मुलगा त्या ओल्या पंचात लहान दिसत होता.

बराच वेळ गेला. ऊन चढले. केदार माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, “काका, दर्भाचा कावळा करून शिवू या का? शास्त्रात सोय आहे.”

“ठाऊक आहे मला. सोयच आहे ती.”

“मला साडेअकराची मीटिंग…”

“बैस तू.”

ती तृप्त न होता गेली, हा विचार मनातून जाईना. काय हवे असेल तिला? संसारात तिने मागितले असे फारसे काही मला आठवेना.

तेवढ्यात लव्हाळी हलली. आधी जीभ दिसली, मग डोके, मग ते सबंध ओले धूड पायरीवर आले. पंत. माधव “हाड! हाड!” करून ओरडला. घोरपडीने त्याच्याकडे एकदा पाहिले, जेवून उठलेल्या माणसाच्या चालीने पानापाशी आली, आणि मधला पिंड तोंडात धरला. ती तो चावत नव्हती. मान वर करून, गळ्याची लोंबती कातडी ताणून, झटक्या-झटक्याने आत सरकवीत होती. तोंडाच्या कडांवरून लाळेने भिजलेली शिते ओघळत होती, त्यांत तीळ काळे दिसत होते. माझ्या पत्नीचा पिंड त्या गळ्यातून खाली जाताना मी पाहिला. बगळ्याच्या मानेतून मासा जाताना पाहावा तसा. आयुष्यात इतकी जुगुप्सा मी अनुभवली नव्हती आणि पुढेही अनुभवणार नाही.

केदारने पिशवी आपटून आवाज केला. घोरपड वळली, आणि वळताना तिचे शेपूट तांब्यावर बसले. तांब्या घरंगळत पाण्यात गेला. गंगाजल पायरीवरून ओघळून त्या हिरव्या पाण्यात मिसळले, आणि घोरपड त्यामागोमाग आत सरकली.

तिलांजली अजून व्हावयाची होती. पाणी नव्हते.

“काका,” केदार म्हणाला, “माझ्या बॅगेत मिनरल वॉटरची बाटली आहे.”

“फोडलेली?”

“हो. म्हणजे… दोन घोट घेतलेत.”

“तोंड लावून?”

त्याने ओशाळून मान डोलावली. कार्याचा कर्ता माधव मधेच उठू शकत नव्हता, केदारच्या हाती दर्भ होते. उष्टे पाणी की गटार, असा तो प्रश्न होता. आणि मी ज्या घरात वाढलो त्या घरात त्याचे उत्तर एकच होते. उष्टे कधीही नाही. वाहते पाणी वाहते असते.

मी धोतर सावरून खाली उतरलो. शेवटच्या पायरीवर, माझ्या पायाच्या बोटाशी, ती गुलाबी अंडी होती. पायाखाली बुळबुळीत शेवाळ. मी वाकलो आणि तांब्यासाठी हात पाण्यात घातला. पाणी कोमट होते, अगदी मी म्हणत असे तसेच, दुसऱ्याने आंघोळ करून ठेवल्यासारखे. बोटांना काहीतरी मऊ लागून गेले, मासे असावेत. अंगावर काटा उभा राहिला. तांब्या सापडला. तो भरताना सवयीने ओठ हलू लागले, आणि सातही नद्यांची नावे उच्चारून होईपर्यंत मी काय करतो आहे हे माझ्या ध्यानात आले नाही. मनगटापर्यंत मी त्या पाण्यात होतो. ती जेथे हात घालीत असे, तेथे.

“बाबा,” माधव अगदी हळू म्हणाला. “हलू नका.”

मी मान वळविली. कावळा पानावर होता. कडेच्या पिंडाला त्याने चोच मारली, पुन्हा मारली, दह्याचा एक पोहा उचलला आणि उडून गेला.

घरी परतताना केदार म्हणाला की घोरपडीने शिते सांडली म्हणून कावळा धीट झाला असेल. असेल. ग्रंथांत घोरपडीविषयी मला काही आढळले नाही. मी पुष्कळ शोधले. मी त्या दिवशी तीनदा स्नान केले आणि रात्री जेवलो नाही. हातांना तो वास दोन दिवस येत राहिला.

आज पायऱ्यांवर कोणी नव्हते. पलीकडच्या काठी एक घोरपड उन्हात पडली होती. तीच की दुसरी, मला ओळखता येत नाही, सुमतीला आली असती. अंडी तशीच गुलाबी. तिलापिया तोंडे उघडून माझ्या सावलीखाली गोळा झाले. मी चपला काढून वर ठेवल्या, दर्भ बोटात घातला, तळहातावर तीळ घेतले आणि शेवटच्या पायरीवर बसलो. पाणी घोट्याला लागले. अंगावर काटा आला. तो दर वर्षी येतो, आणि मी त्याला येऊ देतो. ओंजळ भरली. गोत्र आणि नाव उच्चारून ती बोटांच्या टोकांवरून प्रवाहात सोडली. तीळ गिरक्या घेत बांधाच्या दिशेने निघाले, आणि ते आता कोठे जातील याचा मी आयुष्यात प्रथमच विचार केला.

“अगं, अजून वास येतोच आहे याला,” मी म्हणालो, आणि दुसरी ओंजळ भरून घेतली.